वाढणार का घटणार? गवंड्याच्या वहीतलं आठवीचं गणित

माझी नात आठवीत आहे. जूनमध्ये तिने मला एक सोडवलेलं उदाहरण दाखवलं. ८ मजूर एक भिंत ६ दिवसांत बांधतात, तर १२ मजूर तीच भिंत किती दिवसांत बांधतील? तिचं उत्तर होतं ९ दिवस. गुणाकार चोख, भागाकार चोख, अक्षर मोत्यासारखं. मी विचारलं, "चार माणसं जास्त लावली आणि काम तीन दिवस लांबलं? काय करत होते गं ते चौघं?"

ती म्हणाली, "आबा, तिरकस गुणाकार केला की एवढंच येतं."

मी चौतीस वर्षं गवंडीकाम केलं. शाळा नववीतच सुटली होती. फळ्यावर जे गणित डोक्यावरून जायचं तेच थापी हातात आल्यावर रोज करावं लागलं, आणि तिथे चुकलं की मार्क जात नाहीत, हजेरी कापली जाते. आता गुडघे गेलेत, त्यामुळे संध्याकाळी ओट्यावर बसतो. नात आणि तिच्या बरोबरीची पाच-सहा पोरं येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी शब्द, मग आकडे

उदाहरण वाचून झालं की समासात एकच शब्द लिहायचा: वाढणार किंवा घटणार. मजूर वाढले, दिवस घटणार. फरश्या वाढल्या, पैसे वाढणार. हा शब्द लिहिल्याशिवाय माझ्या ओट्यावर कुणालाही आकडा मांडता येत नाही. सुरुवातीला पोरं कंटाळतात, पण ९ दिवसांचं उत्तर आलं की समासातलं 'घटणार' बघून स्वतःच खोडरबर उचलतात.

'वाढणार' असेल तर समप्रमाण. इथे शाळेतली एकमान पद्धत उत्तम आहे, फक्त एकमान कुणाचं काढायचं ते हुशारीने ठरवा. समजा ८ लिटर रंगात ६०० चौरस फूट भिंत रंगते, तर ९७५ चौरस फुटांना किती रंग? एक चौरस फुटाचा रंग काढायला गेलात तर ८ भागिले ६००, म्हणजे ०.०१३३ असली शेपूट लागते आणि ती पुढच्या पायरीला चावते. त्याऐवजी एक लिटरची भिंत काढा. ६०० भागिले ८ म्हणजे ७५. मग ९७५ भागिले ७५, बरोबर १३ लिटर. ज्या बाजूने भाग सरळ जातो तिकडून शिरायचं.

आम्ही कामावर हे असंही करायचो नाही. ६०० ला ८, त्याच्या निम्म्याला म्हणजे ३०० ला ४, आणि ७५ ला १. ६००, ३०० आणि ७५ मिळून ९७५ झाले, तर ८, ४ आणि १ मिळून १३. कागद लागला नाही. परीक्षेत पायऱ्या दाखवाव्या लागतात हे खरं, पण उत्तर तपासायला ही तोडणी फार कामाची.

तिरकस गुणाकार करायचाच असेल तर रकाने पाडा. लिटरखाली लिटर, फुटाखाली फूट. एककं न लिहिता नुसते आकडे मांडणारी पोरं हमखास वरचा खाली करतात.

'घटणार' असेल तर व्यस्तप्रमाण, आणि त्यासाठी मी पोरांना हजेरी शिकवतो. एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक हजेरी. ८ मजूर ६ दिवस, म्हणजे ४८ हजेऱ्यांची भिंत. भिंतीला कोण किती आले याच्याशी देणंघेणं नाही, तिला ४८ हजेऱ्या हव्यात. १२ जण आले तर ४८ भागिले १२, चार दिवस. संपलं.

हजेरी कळली की ज्या उदाहरणांना पोरं घाबरतात तीही सुटतात. त्याच भिंतीवर ८ जणांनी दोन दिवस काम केलं आणि दोघे गावाला निघून गेले. (लग्नसराईत हे उदाहरण अगदी खरं होतं.) उरलेलं काम किती दिवसांत होईल? झाल्या १६ हजेऱ्या, राहिल्या ३२. माणसं ६. म्हणजे ५ पूर्णांक १/३ दिवस. इथे सूत्र आठवत बसायचं कारणच नाही.

आता एक गोष्ट खरी सांगतो. ४८ मजूर आणले तर भिंत एका दिवसात होईल का? वहीत होईल, जागेवर नाही. ते एकमेकांच्या पायात येतील, आणि ओल्या भिंतीवर एका दिवसात किती थर चढवायचे यालाही मर्यादा असते. वहीतले मजूर सगळे सारखे आणि न थकणारे असतात एवढं मान्य करून उदाहरण सोडवायचं.

एकास सहा म्हणजे सात

गुणोत्तराच्या धड्यात सगळ्यात जास्त मार्क एकाच खड्ड्यात पडतात. मालाचं प्रमाण १:६ आहे, म्हणजे एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू. एकूण ३५ घमेली कोरडा माल हवा. सिमेंट किती? निम्मी पोरं ३५ ला ६ ने भागायला जातात, भाग जात नाही म्हटल्यावर छापण्यात चूक आहे म्हणतात. अरे, सिमेंट एक आणि वाळू सहा, मिळून भाग सात. ३५ भागिले ७ म्हणजे ५. सिमेंट ५ घमेली, वाळू ३०.

काँक्रीटचं १:२:४ असेल तर भाग पुन्हा सातच. पहिली पायरी नेहमी बेरजेची. पण प्रश्नात एकूण दिलंय की एकाचंच दिलंय ते नीट वाचा. 'वाळू ३० घमेली आहे, सिमेंट किती' असं विचारलं तर बेरीज लागत नाही, ३० ला सरळ ६ ने भागायचं.

(कामावर ३५ घमेली कोरडा माल पाणी घालून कालवला की ३५ घमेली भरत नाही. सिमेंट वाळूच्या फटीत जाऊन बसतं. परीक्षेत हे लिहू नका.)

प्रत्येक ठिकाणी प्रमाण घुसवू नका हेही सांगायला हवं. एका कॉलमला सात दिवस पाणी मारावं लागतं, तर पाच कॉलमना किती दिवस? पोरं मोठ्याने ओरडतात, पस्तीस! पाचही कॉलम शेजारी शेजारी उभे आहेत, सगळ्यांना रोज पाणी बसतं, तर दिवस सातच. तसंच रिक्षाचं भाडं. मीटर टाकला की पहिल्या टप्प्याचे पैसे लागतातच, म्हणून दुप्पट अंतराला बरोबर दुप्पट भाडं होत नाही. ओळखायला दोन प्रश्न पुरतात. एक वस्तू दुप्पट केली तर दुसरी दुप्पट होते का? आणि एक शून्य केली तर दुसरी शून्य होते का? दोन्हींना हो असेल तरच समप्रमाण मांडा.

दुप्पट खोली, चौपट फरशी

मी नवा नवा मिस्त्री झालो होतो. एका घरमालकाची जुनी खोली १० बाय १२ ची होती, तिला फुटाच्या १२० फरश्या लागल्या होत्या. नव्या घरात हॉल दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद. त्यांनी विचारलं, फरशी किती सांगू? मी छातीठोकपणे २४० म्हणालो. दोन दिवसांत निम्मा हॉल झाला आणि फरश्या संपल्या. २० गुणिले २४ म्हणजे ४८० चौरस फूट. उरलेल्या फरश्या आणल्या तर दुसऱ्या लॉटचा रंग जरा फिका निघाला आणि हॉलच्या मधोमध पट्टा उठून दिसायला लागला. माझे किती पैसे कापले ते सांगत नाही, पण तेव्हापासून क्षेत्रफळ मी कधी विसरलो नाही.

लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, तर क्षेत्रफळ चौपट. तिप्पट केली तर नऊपट. भाकरीचं बघा, व्यास दुप्पट केलात आणि जाडी तीच ठेवलीत तर पीठ चार भाकऱ्यांचं लागतं. जमिनीचंही तेच. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आता ६६ बाय ६६ चा प्लॉट किती गुंठ्यांचा? भली भली मोठी माणसं दोन म्हणतात. चार.

टाकीत तिसरी बाजूही येते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केल्या की पाणी आठपट.

फूट-इंचाचा एक सापळा आहे, त्यात इंजिनिअरिंगला गेलेली पोरंही सापडतात. १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ फूट नव्हे. फुटात बारा इंच, म्हणून सहा इंच म्हणजे अर्धा, आणि माप झालं १०.५. आपल्या भाषेत सरळ साडेदहा म्हटलं असतं तर ही चूक झालीच नसती. ३ इंच म्हणजे पाव, ९ इंच म्हणजे पाऊण. गुणाकार करायच्या आधी माप तोंडाने मराठीत म्हणून बघा.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत होते तेव्हा मी पोरांना खोलीत उभं करतो. पायाखालची फरशी म्हणजे क्षेत्रफळ, ती चौरस फुटांत. भिंतीच्या कडेने फिरणारी स्कर्टिंगची पट्टी म्हणजे परिमिती, ती रनिंग फुटांत. १० बाय १२ च्या खोलीला स्कर्टिंग ४४ फूट, त्यातून तीन फुटांचं दार वजा करून ४१. परिमिती सारखी म्हणजे क्षेत्रफळ सारखं असं मुळीच नाही. ४० मीटर तारेत १० बाय १० चं कुंपण घातलं तर आत १०० चौरस मीटर जागा येते. त्याच तारेत १९ बाय १ घातलं तर १९ चौरस मीटर. तार तेवढीच.

वेड्यावाकड्या चौकोनी जागेचं क्षेत्रफळ काढायची गावाकडे एक जुनी सवय आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. जागा अगदी आयताकार असेल तरच हे बरोबर येतं, नाहीतर उत्तर दर वेळी खऱ्यापेक्षा जास्तच निघतं. विकणाऱ्याला ही पद्धत का आवडते ते तुम्हीच ओळखा. योग्य रीत अशी: एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी ताणा, हा कर्ण. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्या दोरीवर काटकोनात अंतर मोजा, हे लंब. कर्ण ८० फूट, लंब ३० आणि २४ फूट असतील तर दोन त्रिकोण मिळून अर्धा गुणिले ८० गुणिले ५४, म्हणजे २१६० चौरस फूट. दोन गुंठ्यांना १८ चौरस फूट कमी.

गुण्यात बसवणं

काटकोनाला आम्ही गुण्या म्हणतो. लोखंडी किंवा लाकडी काटकोनी पट्टी असते तिचं नावच गुण्या, आणि कोपरा बरोबर असला की 'गुण्यात आहे' म्हणायचं. पण घराची आखणी करायला ती पट्टी पुरत नाही. तिथे पायथागोरस लागतो, आणि मला पायथागोरस हे नाव कळायच्या आधी मी तो वीस वेळा तरी वापरला असेन.

कोपऱ्यात खुंटी ठोकायची. एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दुसरी दोरी सरकवायची. ९ आणि १६ मिळून २५, म्हणून कोपरा काटकोन. माझे ओस्ताद मात्र ३-४-५ वर कधी थांबायचे नाहीत, ९-१२-१५ घ्यायला लावायचे. त्यांचं बरोबर होतं. खुणेत अर्ध्या इंचाची चूक झाली तर तीन फुटांच्या बाजूवर ती कोन चांगलाच बिघडवते, नऊ फुटांवर साधारण तिसरा हिस्साच बिघडवते. म्हणून जागा आहे तेवढा मोठा त्रिकोण घ्यायचा.

शाळेसाठी चार त्रिकुटं तोंडपाठ हवीत: ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७ आणि ७-२४-२५. त्यांच्या पटी चालतात. शिडीचं उदाहरण आलं, शिडी १३ फूट, पाय भिंतीपासून ५ फूट, तर वर्ग-वर्गमूळ करण्याआधीच १२ दिसायला हवेत. पायऱ्या नंतर लिहा.

त्रिकूट आणि प्रमाण एकत्र कसं चालतं याचं सगळ्यात देखणं उदाहरण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. ग्रंथ ११५० सालचा. ३२ हात उंच बांबू सपाट जमिनीवर उभा आहे. वाऱ्याने तो एका जागी मोडला आणि त्याचं टोक बुडापासून १६ हातांवर जमिनीला टेकलं. किती उंचीवर मोडला?

चित्र काढा. उभा राहिलेला तुकडा, जमिनीवरचं अंतर आणि तिरका तुकडा मिळून काटकोन त्रिकोण होतो. उभा आणि तिरका मिळून ३२. आता ३-४-५ लावून बघू. जमिनीवरची बाजू ४ भाग, ती १६ हात, म्हणजे एक भाग ४ हातांचा. उभा ३ भाग, १२ हात. तिरका ५ भाग, २० हात. बेरीज ३२. जुळलं! बांबू १२ हातांवर मोडला.

"पण आबा, तीन-चार-पाच जुळलं नसतं तर?" नातीने बरोबर विचारलं. मग अशी रीत: तिरक्याचा वर्ग वजा उभ्याचा वर्ग म्हणजे १६ चा वर्ग, २५६. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. बेरीज ३२ माहीत आहे, म्हणून वजाबाकी २५६ भागिले ३२, म्हणजे ८. दोन संख्यांची बेरीज ३२, फरक ८, तर संख्या २० आणि १२. ही रीत कुठल्याही आकड्यांना चालते.

चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला असं त्यावर कोरलंय. हे मी नातीला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, "तुमची वही आधी नीट अक्षरात लिहा, मग मठाचं बघू."

दीपमाळेची सावली

समरूप त्रिकोणाचा धडा घरात बसून शिकू नका, उन्हात जा. आम्ही देवळातली दीपमाळ मोजली. ६ फुटांची काठी ओळंब्याने सरळ उभी केली, तिची सावली ५ फूट पडली. त्याच वेळी दुसऱ्या पोराने दीपमाळेच्या सावलीच्या टोकापासून बुडाच्या कडेपर्यंत टेप धरली, १७ फूट. पोरांनी लगेच १७ गुणिले ६ भागिले ५ केलं, २०.४ फूट.

चुकलं. दीपमाळ बुडाशी रुंद, वर निमुळती. सावलीचं टोक हे माथ्याचं टोक, आणि माथा बुडाच्या मधोमध वर आहे. म्हणून सावली कडेपासून नाही, मध्यापासून मोजायला हवी. बुडाची रुंदी ६ फूट होती, तिची निम्मी ३ मिळवली, सावली झाली २० फूट. २० गुणिले ६ भागिले ५, उंची २४ फूट. तीन फूट विसरले तर साडेतीन फुटांहून जास्त उंची गेली.

दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायच्या. आमच्यातला एकजण मध्ये चहा प्यायला गेला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. जमीनही सपाट हवी. आणि हिशेब टाळायचा असेल तर स्वतःची सावली स्वतःच्या उंचीएवढी होईपर्यंत थांबा. त्या घडीला दीपमाळेची सावलीही तिच्या उंचीएवढीच असते.

वर्तुळाबद्दल थोडंच. २२/७ घ्यायचा असेल तर आधी बघा, त्रिज्येला किंवा व्यासाला ७ ने भाग जातो का. पेपर काढणारे बहुतेक वेळा जाईल असंच ठेवतात. विहिरीचा व्यास १४ फूट, तर परीघ ४४ फूट आणि तोंडाचं क्षेत्रफळ १५४ चौरस फूट. पाणी १० फूट असेल तर १५४० घनफूट. घनफुटात साधारण २८.३ लिटर बसतात, म्हणजे ४३,५०० लिटरच्या थोडं वर. क्षेत्रफळाला त्रिज्या घ्यायची, व्यास नाही. व्यासाचा वर्ग केलात तर उत्तर चौपट येईल, हॉलच्या फरशीच्या उलट.

उद्याच्यासाठी चार

१. सहा बिगारी एक काम १० दिवसांत करतात. चार दिवसांनी आणखी तिघे आले. उरलेलं काम किती दिवसांत होईल?

२. खोली ९ फूट ६ इंच बाय १२ फूट. फरशी किती चौरस फूट? दार ३ फुटांचं, तर स्कर्टिंग किती रनिंग फूट?

३. काँक्रीट १:२:४, एकूण कोरडा माल ८४ घमेली. सिमेंट, वाळू, खडी किती किती?

४. १७ फुटी शिडीचा पाय भिंतीपासून ८ फुटांवर. शिडी भिंतीवर किती उंच टेकेल?

समासात शब्द लिहून, चित्र काढून मग ताळा बघा: पहिल्याचं ४ दिवस, दुसऱ्याचं ११४ आणि ४०, तिसऱ्याचं १२, २४, ४८, चौथ्याचं १५ फूट.